बा घर भाड्यानं घेतात

८ ऑक्टोबर

दसैंचा, म्हणजे आमच्या दसऱ्याचा, टिळा झाला. बांनी माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच मायक्रोवेव्हशेजारी उभं राहून माझ्या कपाळाला दही-तांदूळ लावले, कानामागे जवाचे अंकुर खोवले आणि आशीर्वाद म्हणताना मध्येच अडले. पुढचे शब्द आई सुचवायची. मला ते येत नाहीत. बांनी जरा आठवून पाहिलं. मग म्हणाले, "असू दे. पुढचे देवाला ठाऊक आहेत."

डम्बरचा फोन वायोमिंगमधून आला. नवरा ट्रक चालवायला लागला तेव्हापासून घरी पाहुण्यासारखा येतो. "माझाही टिळा लाव," म्हणाला, म्हणून बांनी फोनच्या काचेवरच दही लावलं. ते पुसताना माझं सणाचं सगळं अवसान गळालं.

आई होती तेव्हा दोघं याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. ती गेल्यावर मीच बांचं सामान खाली आणलं. मला भाऊ नाही, आम्हाला मूल नाही. बा आणि मी, एवढंच घर. पण आहे ते काय कमी आहे? अमेरिकेत येण्याआधी नेपाळमधल्या निर्वासितांच्या छावणीत तर बांबूच्या भिंतीपलीकडचं घोरणंसुद्धा आपलंच वाटायचं.

१५ ऑक्टोबर

चर्चच्या तळघरातला इंग्रजीचा वर्ग पुन्हा सुरू झाला. सॉल्वेग मुख्य शिक्षिका, मी मदतनीस. दुपारपर्यंत हॉटेलच्या चादरी धुवायच्या आणि संध्याकाळी टीचर व्हायचं, असा माझा थाट. व्याकरण आम्ही शिकवत नाही. डॉक्टरची वेळ कशी घ्यायची, धुराची घंटा वाजली तर टॉवेलनं वारा घालत न बसता बाहेर कसं पडायचं, दुधावरची तारीख कशी वाचायची, हे शिकवतो. आजीआजोबांच्या वयाची माणसं येतात. थोडे सोमाली, बाकी आमचेच, भूतानमधून हाकललेले आणि नेपाळच्या छावणीत म्हातारे झालेले.

आज दवाखान्यात फोन करायचा सराव होता. मी झाले दवाखाना. पबित्रा बज्यैंनी, आमच्यात आजीला बज्यै म्हणतात, फोन कानाला लावला आणि पहिलाच प्रश्न: "जेवलात का?"

"बज्यै, तो दवाखाना आहे. आधी नाव सांगा, जन्मतारीख सांगा."

"न जेवलेल्या माणसाला मी माझं दुखणं ऐकवू? तुझ्या आईनं हेच शिकवलं का तुला?"

वर्ग खो खो हसला. बासुद्धा. ते वर्गात मला 'टीचर' म्हणतात. सुरुवातीला राग यायचा. आता वाटतं, निदान तिथं तरी ते माझ्याकडे मान वर करून बघतात. घरी त्यांचं लक्ष सतत खिडकीबाहेर असतं.

२२ ऑक्टोबर

आजचा धडा, घर भाड्यानं घेणं. बांनी एवढे प्रश्न विचारले की सॉल्वेग चाट पडली. हिवाळ्याची ऊब भाड्यात धरलेली असते का? एकट्या माणसाला घर देतात का? पाहुणा आला तर किती दिवस राहू देतात? शेवटचा प्रश्न ऐकून मी मनात कपाळाला हात लावला. धड्याशी काय संबंध? पण सॉल्वेगनं नीट उत्तर दिलं.

मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: मालक आपल्याविषयी कोणाकडे तरी चौकशी करतो, त्यासाठी त्याला नातेवाइकाचं नाव द्यायचं नाही. शिक्षकाचं द्या, डॉक्टरचं द्या. सगळ्यांकडून दहादा म्हणवून घेतलं.

घरी येताना बा म्हणाले, "चांगलं शिकवतेस." पहिल्यांदाच म्हणाले. मी रस्ताभर तरंगत होते.

५ नोव्हेंबर

बर्फ पडलं, आणि टिकलंही.

बांना स्वयंपाकाचा नाद लागलाय. मी भात टाकते तेव्हा शेजारी उभे राहतात. पाणी किती? बोट कुठपर्यंत बुडलं पाहिजे? आच केव्हा कमी करायची? जन्मात ज्यांनी पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही, ते आता कांदा चिरतात आणि डोळे पुसतात. मला उशीर होतो म्हणून मदत करायची असणार. बायकोला जे मिळालं नाही ते लेकीला मिळतंय. आई वरून बघून जळत असेल.

आणखी एक. बा रोज जेवायला बसण्याआधी माझ्या हातात काहीतरी ठेवतात. कधी एक टोमॅटो, कधी लिंबू, कधी खिडकीतल्या कुंडीतली कोथिंबीर. आज काही नव्हतं तर खिशातलं पेपरमिंट ठेवलं. मी म्हटलं, "मी काय लहान आहे?" ते काही बोलले नाहीत, पेपरमिंट घेईपर्यंत घासही उचलला नाही. म्हातारपणी माणूस लाडावतं म्हणतात, इथं उलटंच.

१९ नोव्हेंबर

दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. "मी मिसेस ग्रिमस्टाड. हार्डवेअरच्या दुकानावर माझ्या चार खोल्या आहेत. टंकनाथ निरौला नावाच्या गृहस्थांनी शिक्षिका म्हणून तुमचं नाव दिलंय."

बांनी धडा चोख पाठ केलाय. नातेवाइकाचं नाव द्यायचं नाही. माझं आडनाव लग्नानंतर खतिवडा. बाईला कसं कळणार?

"गृहस्थ सभ्य वाटले," ती म्हणाली. "कोट घालून आले होते, आधी मी जेवले का विचारलं. पण एकटेच राहणार म्हणतात. मागच्या भाडेकरूनं माझं स्वयंपाकघर जाळलं, म्हणून सरळच विचारते. शेगडी वापरता येते का त्यांना?"

मी म्हटलं, "विसरतात. चालू ठेवून झोपून जातात."

साफ खोटं. छावणीत आमची झोपड्यांची रांग जळाली तेव्हापासून बा विस्तवाला पाठ करून बसतसुद्धा नाहीत. बाईनं माझ्या प्रामाणिकपणाचे आभार मानले आणि फोन ठेवला.

मला न सांगता! भात शिकले ते यासाठी. ऊब भाड्यात धरलेली असते का ते यासाठी. मी मूर्खासारखी खूश होत होते. माझ्या घरात काय कमी होतं त्यांना? जाऊ देणार नाही. ते गेले तर या घरात मी भिंतींशी बोलू का?

२१ नोव्हेंबर

पबित्रा बज्यैंना बसमध्ये गाठलं, आडून आडून विचारलं. त्या कसल्या आडून बोलतात!

"अगं, लेकीच्या घरी बाप किती दिवस जेवणार? कन्यादान केलेल्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत आमच्यात. टंकनाथ भला माणूस, रोज काहीतरी हातावर ठेवतो आणि मगच जेवतो, म्हणजे फुकट खाल्ल्याचा दोष नको. दिसत नाही का तुला?"

नाही दिसलं. मला वाटलं होतं, या सगळ्या गोष्टी आपण भूतानच्या डोंगरात सोडून आलो. म्हणजे ती कोथिंबीर, ते लिंबू, लाड नव्हतेच तर. दोन वर्षं माझा प्रत्येक घास त्यांनी विकत घेतला. राग येतोय, आणि रागापेक्षा जास्त रडू.

३ डिसेंबर

वर्गात बांनी हात वर केला. सॉल्वेगला म्हणाले, "मी खोली मागितली. नाही म्हणाल्या. का, ते विचारायचं. कसं विचारू?"

सॉल्वेगनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटत असणार, मला हे सगळं ठाऊकच आहे. "उत्तम! तुलसा, तू घरमालकीण हो."

बा समोर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मुठीचा फोन कानाला लावला.

"हॅलो. जेवलात का?"

"हो."

"मी टंकनाथ. खोली दिली नाही. का?"

"दुसऱ्याला दिली."

"नाही. खोली रिकामी. पाटी अजून खिडकीत."

सगळे हसले. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हाला शेगडी जमणार नाही, असं वाटलं."

बांचा हात कानाशी तसाच राहिला. "शेगडी," ते म्हणाले. मग बराच वेळ माझ्याकडे बघत होते. इंग्रजी शब्द शोधत असावेत. "मॅडम, मी शेगडी रोज बंद करतो. हात लावून बघतो. मग झोपतो. तुमचा वेळ घेतला. आभारी आहे."

सॉल्वेगनं टाळ्या वाजवल्या. मी फळा पुसायला लागले. नशीब, त्यांच्या काही लक्षात आलं नाही.

घरी येताना विचारलं, "बा, खोली कशाला हवी होती?"

"मनात आलं होतं."

"आता?"

"आता काय, नाही म्हणाल्या की."

७ डिसेंबर

बांनी शेगडीचा धडा फारच मनावर घेतलाय. आता रोज जेवण झालं की मला हाक मारतात, बटण फिरवून दाखवतात, "बंद केली, बघ." मी "हो बा" म्हणते. मग वर हात ठेवतात, "गार आहे, बघ." वर्गात एकदा ऐकलेली गोष्ट म्हातारी माणसं अशी धरून बसतात. गंमत वाटायला हवी, पण मला शेगडीकडे बघवत नाही.

खोलीचं नाव ते काढत नाहीत. मीही काढत नाही. आम्ही हवामानावर बोलतो. इथं फार्गोत निदान तो विषय संपत नाही.

१२ डिसेंबर

आज काय झालं ते लिहायलाही नको वाटतंय.

कामावरून आले तर घरभर जळकट वास. दारं-खिडक्या सताड उघडी, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि बा जाकीट घालून दुधाचं पातेलं घासतायत. मला एकदम आठवलं. सकाळी घाईत दूध मी तापत ठेवलं होतं. बा तेव्हा देवळात जायला निघूनही गेले होते. परत येऊन त्यांनीच शेगडी बंद केली असणार. आणखी थोडा उशीर झाला असता तर?

मी तोंड उघडणार तोच डम्बरचा फोन आला. मी फोन टेबलावर ठेवला, त्याला पडद्यावर उघड्या खिडक्या दिसल्या. "अगं, काय झालं?"

बा माझ्या आधी म्हणाले, "जावईबापू, मीच दूध ठेवून विसरलो. वय झालं आता."

मी गप्प बसले. डम्बरनं त्यांना दोन समजुतीचे शब्द सांगितले, ते मान खाली घालून "हो, हो" म्हणाले. मग पुन्हा पातेलं घासायला लागले. बिचाऱ्यांना खरंच वाटतंय की तेच विसरले. मी एवढं म्हटलं म्हणून त्यांचा स्वतःवरचा विश्वासच उडाला की काय?

जेवताना त्यांनी माझ्या हातावर संत्रं ठेवलं.

१३ डिसेंबर

सकाळी चादरींच्या ढिगामागे उभं राहून मिसेस ग्रिमस्टाडला फोन केला.

"मी खोटं बोलले. ते कधीच विसरत नाहीत. माझ्यापेक्षा तेच जास्त जपतात."

"मग तसं का सांगितलंस?"

"ते माझे वडील आहेत. त्यांनी जाऊ नये म्हणून."

पलीकडे बाईनं खुर्ची ओढून घेतली. मग म्हणाली, "माझ्या पोरांनी तर माझ्यासाठी स्वतःच वृद्धाश्रमात खोली शोधली होती. मीच गेले नाही." आणि मग, "खोली अजून रिकामी आहे. त्यांना सांग, पहिल्या तारखेपासून या."

"मी नाही सांगणार. तुम्हीच फोन करा. ते बोलू शकतात फोनवर. मी शिकवलंय."

फोन ठेवला आणि त्या गरम चादरींत तोंड खुपसून रडले.

१५ डिसेंबर

बांनी रात्रीच्या भाताबरोबर सांगितलं. "खोली मिळाली. त्या बाईचाच फोन आला." मी नवल केलं, बरं केलं म्हटलं, डाळ वाढली. ते म्हणाले, "बाई म्हणाली, तुमच्या टीचरनं चांगला शब्द टाकला." मी म्हटलं, "सॉल्वेग असेल." ते म्हणाले, "हो, तीच असेल." आणि माझ्या पानात स्वतःच्या ताटातली लोणच्याची फोड ठेवली.

१ जानेवारी

आज अर्ध्या वर्गाचा वाढदिवस. छावणीतल्या ज्यांना जन्मतारीख माहीत नव्हती त्या सगळ्यांची कागदावर एक जानेवारी लागली. बांचीही. मी शिरा केला होता. त्यांनी दोन घास खाल्ले, कोट चढवला आणि पेट्या दाराशी नेऊन ठेवल्या.

सामान काय, दोन पेट्या, गादी आणि सेकंडहँडच्या दुकानातून आणलेली दोन पातेली. खोली चांगली आहे. खाली हार्डवेअरचं दुकान, समोर बस थांबते. मिसेस ग्रिमस्टाडनं काठी टेकत जिना चढून शेगडी दाखवली. बांनी बटण बंद केलं, हात ठेवला, तिच्याकडे बघून मान हलवली. ती हसली. मीही हसले, काय करणार?

मी निघाले तर बांनी दारापर्यंत येऊन विचारलं, "वाट सापडेल ना?" चार थांबे. सापडली.

६ जानेवारी

घरात इतकं शांत आहे की फ्रिज सुरू झाला तरी दचकायला होतं. भात अजून दोघांचाच शिजतो. उरलेला सकाळी तळून खाते, उभ्यानंच. डम्बर युटामध्ये बर्फात अडकलाय, "लवकर येतो" म्हणतो. त्याचं लवकर मला माहीत आहे.

वर्गात बा दिसतात. 'टीचर' म्हणतात. आज बँकेतल्या मशीनमधून पैसे काढायचा धडा होता, त्यांना पटकन जमलं. मी पुढच्या माणसाकडे वळले. त्यांच्याशी घरचं बोलायला लागले असते तर भर वर्गात डोळ्यांत पाणी आलं असतं. मला एकच प्रश्न विचारायचाय. माझ्या हातचं एवढं जड होत होतं का?

१३ जानेवारी

फोन वाजला. "तुलसा? बा बोलतोय. परवा संक्रांत. माहेरी जेवायला ये."

मी म्हटलं, "कुठं?"

"माहेरी," ते म्हणाले, जरा चिडूनच. "माझ्याकडं. जावई आला असेल तर त्यालाही घेऊन ये, नाहीतर एकटीच ये."

१५ जानेवारी

थंडी अशी की श्वास पापण्यांवर गोठत होता. हिरवी साडी नेसले, वर जाकीट, पायात बर्फाचे बूट. आरशात बघून हसू आलं. पण माहेरी जाताना साडी हवी.

बांनी तरुलाचे कंद उकडले होते, तूप होतं, तिळाचे लाडू विकत आणलेले, आणि भात तळाशी लागलेला. त्यांनी वाढलं. मी बसून खाल्लं. बापानं वाढलेलं बसून खायचं, मला सवयच नाही. दोनदा उठले, दोनदा बसवलं. जेवण झाल्यावर ताट उचललं तर त्यांनी हातातून ओढून घेतलं. "माहेरी आलेल्या लेकीनं भांडी घासायची नसतात. आई असती तर मला बोलली असती."

मग मला राहवेना. "बा, माझ्या घरचं अन्न चालत नव्हतं तुम्हाला. म्हणून गेलात ना? पबित्रा बज्यैंनी सांगितलं मला."

ते ताट विसळत होते. "तिला काय कळतंय? दोन वर्षं जेवलो की. चालत नसतं तर मेलो असतो. हातावर काहीतरी ठेवलं की दोष जातो, तेवढं मी करत होतो."

"मग का गेलात?"

त्यांनी नळ बंद केला. पाठ माझ्याकडेच होती. "सणवार आला की सगळ्यांच्या लेकी कुठंतरी जायला निघायच्या. तू त्याच घरात. मी टिळा लावायचो तोही तुझ्याच ओट्यापाशी. तुझी आई गेली आणि मी तुझ्याकडं येऊन बसलो, मग तू जाणार कुठं? रुसून निघायचं म्हटलं तरी बाईला एक जागा लागते. माझ्यामुळं तुझं माहेर बुडालं होतं, तुलसा."

त्या छोट्या खोलीत खुर्ची एकच होती आणि तीवर मी बसले होते. बांनी हात पुसले, पलंगाच्या कडेवर बसले, आणि आम्ही समोरच्या रस्त्यावर बर्फ बाजूला सारणारी गाडी जाताना बघत राहिलो. किती वेळ कोण जाणे. उठावंसं वाटत नव्हतं. परत गेल्यावर काय आहे ते मला माहीत होतं.

शेवटी त्यांनीच घड्याळ पाहिलं. माझ्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून दिली, लाडू बांधून दिले आणि दारात उभं राहून, सगळे बाप म्हणतात तसं म्हणाले, "नीघ आता. उशीर करू नकोस, घरी वाट बघत असतील."

घरी कोणी नव्हतं. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

"हो बा, निघते," म्हणाले, आणि खरंच कोणी वाट बघत असल्यासारखी भराभरा जिना उतरले.